एकट्यानं जायचा परवाना

एकट्यानं डोंगरावर जायचं ठरवलं की सगळ्यात आधी काय लागतं? सोबत्याचं नाव. ही माहिती मला आमच्या नगरपालिकेच्या तीन नंबरच्या खिडकीवर मिळाली. मी स्वतः त्याच नगरपालिकेत पाच नंबरच्या खिडकीमागे, दफनभूमी विभागात, एकतीस वर्षं बसतो आहे. तेव्हा सरकारी कामकाज मला नवीन नाही. पण माणूस खिडकीच्या या बाजूला उभा राहिला की त्याची उंची आपोआप दोन इंचांनी कमी होते, हे मला त्या दिवशी कळलं.

तीन नंबरवर यास्ना बसते. पर्यटन, क्रीडा आणि आपत्कालीन सेवा ही तिन्ही खाती तिच्याकडे आहेत, कारण आमच्या सान रुफिनोत पर्यटक आला की तो आधी थोडं खेळतो आणि मग आपत्कालीन सेवेला बोलवावं लागतं. गेल्याच आठवड्यात तिच्या वाढदिवसाचा केक मी दोनदा घेतला होता. तरी तिनं माझ्याकडे ओळखपत्र मागितलं. मी म्हटलं, अगं यास्ना, मी अमादोर. ती म्हणाली, ते मला माहीत आहे हो, पण संगणकाला माहीत नाही.

अर्ज होता सात दातांची धार एका दिवसात, एकट्यानं पार करण्याचा. आमच्या गावाच्या पुढे समुद्र आहे, मागे वाळवंट आहे, आणि दोघांची गाठ पडू नये म्हणून मधे ही धार उभी आहे. दीपस्तंभापाशी ती सुरू होते, पाण्याच्या टाकीपाशी संपते, आणि मधे सात सुळके आहेत, तेच दात. तिसऱ्या दातानंतर एक खिंड लागते, आणि खिंडीपुढे तीनशे पावलांचा असा एक पट्टा आहे, की तिथे डावा पाय समुद्राच्या बाजूला पडतो आणि उजवा वाळवंटाच्या. त्याला सुरी म्हणतात. सबंध वाटेवर गवताची काडी नाही, पाण्याचा थेंब नाही आणि वाट विचारायला माणूस नाही. सूर्योदयाला निघून सूर्यास्ताच्या आत जो एकटा टाकीपाशी पोचतो, त्याचं नाव नगरपालिकेतल्या लाकडी फळ्यावर कोरतात.

हा फळा माझ्या खिडकीच्या बरोबर समोर टांगलेला आहे. त्यावर अकरा नावं आहेत आणि सातवं नाव एलिसेओ कोर्तेसचं, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या भावाचं. एकतीस वर्षं मी कामातून डोकं वर काढलं की आधी मेहुण्याचं नाव वाचतो. बरं, नाव निदान गप्प असतं, मेहुणा नसतो. कुणाचा वाढदिवस असो, बाप्तिस्मा असो, निखाऱ्यांवर मांस चढलं आणि पहिला पेला रिकामा झाला की एलिसेओ सुरीवर चढायचा. वारा कसा होता, पायाखालचे दगड कसे सुटत होते, खाली गिधाडं कशी वाट बघत होती. दरवर्षी सुरी थोडी थोडी अरुंद होत गेली. लग्नानंतर मी पहिल्यांदा ऐकली तेव्हा ती दोन माणसं शेजारून जातील एवढी होती. गेल्या नाताळात वीतभर उरली होती. आणि हे सगळं सांगून झाल्यावर माझ्या खांद्यावर हात ठेवून तो म्हणायचा, "आमचे मेहुणे मात्र पाव आणायला गेले, तरी बहीण खिडकीत उभी राहून बघते."

यातली अपमानाची गोष्ट अशी, की ते खरं होतं. माझी बायको नोएमी खिडकीत उभी राहते. त्याआधी माझी आई उभी राहायची. लग्नाच्या दिवशी सकाळी मी आईच्या घरातून निघालो तो संध्याकाळी नोएमीच्या घरात पोचलो, आणि मधल्या वेळात चर्चमध्ये दोनशे माणसं होती. सत्तावन्न वर्षांचा झालो, पण एक अख्खा दिवस मी एकटा असा कधी नव्हतोच. मी एकटा असलो की कसा असतो, भितो की गातो, हे मला ठाऊक नव्हतं. ते मला एकदा पाहायचं होतं. आणि फळ्यावर नावही हवं होतं, ते कशाला लपवू.

तर अर्जात सोबत्याच्या नावाचा रकाना होता आणि तो सक्तीचा होता. दोन वर्षांपूर्वी एक परदेशी पाहुणा धारेवर हरवला, त्याला शोधायला गेलेले चौघं हरवले, आणि शेवटी पाहुणा स्वतःच खाली येऊन त्यांची चौकशी करू लागला. तेव्हापासून हा रकाना आला. मी म्हटलं, यास्ना, अर्जाच्या डोक्यावरच लिहिलंय, एकट्यानं जायचा परवाना. तिला ते पटलं. पण रकाना रिकामा ठेवला की संगणक पुढे सरकेना. शेवटी आम्ही नोएमीचं नाव घातलं आणि कंसात लिहिलं, अनुपस्थित. संगणकाला ते मान्य झालं आणि त्यानं लगेच सोबत्याचा वैद्यकीय दाखला मागितला. म्हणजे जी बाई येणारच नव्हती, तिच्या हृदयाची तपासणी झाली. तिचं हृदय माझ्यापेक्षा चांगलं निघालं, आणि पुढचे आठ दिवस चहाच्या वेळी हाच विषय निघत राहिला.

मग नोटरी. आमच्या चिलीत नोटरीच्या शिक्क्याशिवाय माणसाचं कुणी काही ऐकत नाही. त्याच्यासमोर लिहून द्यायचं होतं, की मी स्वखुशीनं जातो आहे आणि पडलो तर नगरपालिकेला दोष देणार नाही. त्यानं चष्मा पुसून हयातीचा दाखला मागितला. मी त्याच्यासमोर उभा होतो, श्वास घेत होतो, त्याच्याच पायरीला ठेच लागल्यामुळे कण्हतही होतो. पण मी जिवंत आहे हे कागदावर नव्हतं. या दाखल्यासाठी दफनभूमी विभागाचं पत्र लागतं, की सदर इसम आमच्याकडे नाही. हे पत्र देणारा अधिकारी मीच. पण स्वतःला स्वतःचं पत्र देता येत नाही असा नियम आहे, आणि तो नियमही अकरा वर्षांपूर्वी मीच भांडून करून घेतलेला. चार दिवसांनी कुत्र्यांच्या परवान्यांच्या खिडकीवरल्या बाईंनी सही केली. दाखला तीस दिवस चालतो. त्यानंतर माणसाला काय समजायचं, ते त्यात लिहिलेलं नाही.

शेवटी राहिली पत्र्याची पाटी. पांढऱ्यावर काळ्या अक्षरांत पूर्ण नाव, खाली जन्मतारीख, तिच्याशेजारी प्रवासाची तारीख, आणि ती सगळ्यांना दिसेल अशी पिशवीला बाहेरून बांधायची. गावात पाट्या रंगवणारा एकच माणूस आहे आणि त्याचं सगळं काम दफनभूमीचं. आमची जुनी ओळख, म्हणून त्यानं मन लावून केली. हाताला सवय असल्यामुळे कडेनं फुलांची वेल काढली आणि वरच्या कोपऱ्यात बारीकसा क्रूस. नोएमी पाटीकडे बराच वेळ बघत राहिली आणि मग म्हणाली, अक्षर छान आहे.

तोवर बातमी आमच्या गल्लीच्या व्हॉट्सअॅप गटात पोचली होती. समोरच्या निवृत्त खाणकामगारानं दिवा लावलेला, खाणीत डोक्यावर घालायचा लोखंडी टोप आणून दिला. मी डोंगरावरून चालणार आहे, आतून नाही, हे त्याला शेवटपर्यंत पटलं नाही. कुणी घडीची खुर्ची दिली. कुणी चान्यार झाडाच्या फळांचा काढा दिला आणि खोकला झाला नाही तरी घ्यायला सांगितलं. कोपऱ्यावरच्या बाईंनी शिट्टी दिली आणि दर तासाला वाजव म्हणाल्या, ऐकायला कुणी असो वा नसो. नाही म्हणायची मला सवय नाही. ती असती तर हे सगळं प्रकरणच उद्भवलं नसतं.

आमच्या भिंतीला भिंत लावून दोन्या एर्सिलिया, म्हणजे एर्सिलियाबाई, राहतात. वय ऐंशीच्या पुढे. त्यांचा एक काका कधीकाळी धारेवरून पडून गेला आणि तिथे त्याची आनिमिता आहे. आमच्याकडे माणूस वाटेत गेला, की गेला त्याच जागी लोक दगडांचं घरकुल रचतात. पुढे मेणबत्ती, कागदी फुलं, नावाची पाटी, आणि तहान लागू नये म्हणून पाण्याच्या बाटल्या. पुरलेला असतो दुसरीकडेच. पण जीव जिथे गेला तिथेच राहतो, आणि त्याच्याशी मनातलं बोललं, काही मागितलं, तर तो ऐकतो. नवी आनिमिता जास्त ऐकते म्हणतात, कारण तिच्याकडे गर्दी कमी असते. नियमाप्रमाणे आनिमितेला माझ्या विभागाची परवानगी लागते. एकतीस वर्षांत अर्ज एकही आलेला नाही आणि आनिमिता चारशेच्या वर आहेत. तर दोन्या एर्सिलियांनी काकांसाठी मेणबत्ती, जांभळी कागदी फुलं आणि पाण्याच्या चार बाटल्या दिल्या. नेमकी जागा विचारली तर म्हणाल्या, वर गेलास की दिसेल, काका चांगले उंच होते.

शिवाय नोएमीनं भाजलेली अख्खी कोंबडी, सहा उकडलेली अंडी, अवोकॅडो लावलेले पाव, चहाचा थर्मास आणि दोन स्वेटर भरले. न्हाणीघरातल्या काट्यावर पिशवी एकोणीस किलो भरली. नोएमी जाऊ नको असं एकदाही म्हणाली नाही. त्याचं मला तेव्हा कौतुक वाटलं होतं.

शनिवारी सूर्योदयाला मी दीपस्तंभापाशी उभा होतो तेव्हा निरोप द्यायला तेवीस माणसं आली होती. दीपस्तंभाच्या रखवालदारानं वेळ टाकून सही केली. मग प्रत्येकाबरोबर वेगळा फोटो झाला आणि सूर्योदयाचा पाऊण तास त्यात गेला. त्यातली काही मंडळी पहिल्या चढापर्यंत सोडायला आली. पिशवी नीट बसली नाही, बुटाची नाडी सैल आहे, पोट पुढे आलंय ते वर चढेल का, या सूचना मागून येत होत्या. मग एकेकाला धाप लागली. आवाज खाली राहत गेले. एका वळणानंतर मी मागे पाहिलं तर कुणी नव्हतं.

मला सांगता येणार नाही मला काय वाटलं. म्हणजे सांगतो. मला उडी मारावीशी वाटली, आणि पाठीवर एकोणीस किलो नसते तर मारलीही असती. खाली सगळा समुद्र धुक्यानं झाकला होता आणि धुक्याच्या वर फक्त ही धार होती, तांबडी, कोरडी, उन्हात लख्ख, आणि तिच्यावर मी. पहिला दात मी हातापायांवर चढलो आणि वर पोचल्यावर त्याच्या दगडाला शाबासकी दिली. दुसऱ्या दातावर घसारा होता. दोन पावलं वर जावं तर एक खाली. तिथे बसल्या बसल्या तीन हात घसरलो, हसू लागलो, आणि मग लक्षात आलं की मी मघापासून गातो आहे. बेसूर, पण मोठ्यानं. सत्तावन्नाव्या वर्षी मला शोध लागला, की मी एकटा असलो की गातो. घरी गेल्यावर हे कुणाला तरी सांगायला हवं, असं वाटलं आणि सांगायला कुणी नाही याचाच पुन्हा आनंद झाला. शिट्टी मात्र दर तासाला वाजवली, कारण शब्द दिला होता.

काकांची आनिमिता काही दिसली नाही. तिसरा दात उतरून दुपारी साडेबाराला खिंडीत आलो, आणि समोर सुरी दिसली. एलिसेओबद्दल मला पहिल्यांदाच आदर वाटला. मेहुण्यानं वीतभर म्हटलं होतं ते अगदीच खोटं नव्हतं. काही ठिकाणी दोन वीत होती. एकोणीस किलो घेऊन तिच्यावर पाय ठेवणं म्हणजे पाटीवरच्या दुसऱ्या तारखेला अर्थ प्राप्त करून देणं होतं.

म्हणून मी खिंडीत सामान उतरवायचं ठरवलं. पुढच्या आठवड्यात, खालून थेट खिंडीत चढणाऱ्या घळीच्या वाटेनं येऊन घेऊन गेलो असतो. आता मी दफनभूमी विभागाचा माणूस, मला काही टाकून देता येत नाही, मांडावं लागतं. वाऱ्यासाठी दगडांचा अर्धगोल रचला, वर एक सपाट दगड ठेवला, आत खुर्ची, टोप, थर्मास, स्वेटर नीट लावून ठेवले. काका सापडले नव्हते, पण या धारेवरच कुठेतरी होते. म्हणून त्यांची जांभळी फुलं पुढे खोचली, बाटल्या ओळीनं मांडल्या, मेणबत्ती पेटवली आणि आडोशाला ठेवली. जागा पुन्हा ओळखू यावी म्हणून पाटी दगडाला टेकून उभी केली. काम इतकं नेटकं झालं होतं की दोन पावलं मागे जाऊन मी ते पाहिलं. मग खिशात पाव आणि दाखला घेऊन हलक्या पायांनी निघालो. सुरीच्या तोंडाशी पोचल्यावर घसा कोरडा पडला आणि कळलं, की काकांच्या बाटल्यांच्या ओळीत मी माझ्याही बाटल्या मांडून आलो होतो.

परत आलो तर माझ्या सामानापुढे कुणीतरी गुडघ्यांवर बसलं होतं. हातात टोपी, गळ्यात दुर्बीण. मी एका मोठ्या दगडामागे थांबलो. तो एलिसेओ होता आणि तो हुंदके देत होता.

"अमादोर," तो पाटीला म्हणत होता, "सकाळी निघालास आणि दुपारी तुझी आनिमिता. आपल्या गावात रस्त्यातला खड्डा बुजवायला चार वर्षं लागतात, पण मेलेल्याचं काम कसं हातोहात करतात बघ." त्यानं नाक शिंकरलं. "नोएमीला काय तोंड दाखवू मी? ती म्हणाली होती, घळीतून वर जा, लांबून लक्ष ठेव, पण त्याला दिसू नकोस, त्याचा मान राहू दे. आणि मी बसलो घळीत गुडघा चोळत."

म्हणजे नोएमी खिडकीत उभी होतीच. फक्त खिडकी तिनं डोंगरावर पाठवली होती. मला राग आला. पण रागावून बाहेर यावं तेवढ्यात एलिसेओ पुढे सरकला, मेणबत्तीची वात नीट केली आणि आवाज खाली आणून बोलू लागला.

"तू आता ऐकतोस, तर ऐक. त्या वर्षी मी इथवरच आलो होतो. याच खिंडीपर्यंत. ती सुरी पाहिली आणि पाय जे लटपटायला लागले ते थांबेचनात. मग या घळीतून उतरलो, खाणीच्या ट्रकात बसलो आणि टाकीपाशी जाऊन उभा राहिलो. सांगणार होतो रे. पण लोकांनी आधीच खांद्यावर घेतलं, बँड लावला, आई रडत होती. तेव्हा नाही सांगितलं ते मग राहूनच गेलं. आणि तुला मी आयुष्यभर हसलो, मेहुण्या. तू ती सुरी बघितलीस आणि तरी पाऊल टाकलंस. पडलास तर पडलास. छाती तुझीच होती." त्यानं टोपीनं डोळे पुसले. "आणि जमलं तर माझ्या गुडघ्याचं तेवढं बघ."

तीस वर्षं मी हे वाक्य ऐकायची वाट पाहिली होती, आणि मिळालं ते मेल्यावर. पहिल्यांदा मला इतका अभिमान वाटला की असंच मेलेलं राहावं असं वाटलं. मग त्याचे खांदे हलताना दिसले आणि लाज वाटली. मग त्यानं छातीवर क्रूसाची खूण केली, उठला, आणि फोन उंच धरून सिग्नल शोधू लागला. तो कुणाला लावणार होता हे मला माहीत होतं. आता जिवंत होण्याशिवाय इलाज नव्हता.

मी चार पावलं मागे गेलो आणि पाय आपटत, गाणं म्हणत, नुकताच आल्यासारखा वळसा घालून आलो. एलिसेओचा चेहरा मेणबत्तीसारखा झाला. त्यानं टोपी छातीशी धरली आणि मागे सरला. समजावून सांगण्यात वेळ घालवण्यापेक्षा मी खिशातून हयातीचा दाखला काढून त्याच्या हातात दिला. त्यानं तो पहिल्या ओळीपासून वाचला, शिक्का उजेडात धरून पाहिला, आणि मग खाली बसला. आमच्या देशात कागदाचं वजन असतं ते असं.

त्यानंतर तो भडकला. मेणबत्ती कुणाची, फुलं कुणाची, क्रूस कशाला, खुर्चीवर कोण बसणार होतं, या सगळ्याची मी उत्तरं दिली. शेवटचा प्रश्न त्यानं माझ्याकडे न बघता विचारला.

"तू कधी आलास?"

"आत्ताच," मी म्हटलं. "गात गात आलो, ऐकलं नाहीस?"

त्यानं टोपी झटकली. मग म्हणाला, चल, घळीतून खाली जाऊ, तू इथवर आलास हेच पुष्कळ आहे. मी पाण्याच्या दोन बाटल्या उचलून रिकाम्या पिशवीत टाकल्या, ती पाठीवर घेतली आणि नाही म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा म्हटलं असेल. दोघांनाही ऐकायला चमत्कारिक वाटलं. तेव्हा त्यानं सुरीकडे पाहिलं, मग जमिनीकडे पाहिलं, आणि म्हणाला, "मग मीही येतो तुझ्याबरोबर. बहिणीला शब्द दिलाय." त्याचे पाय तेव्हाच लटपटायला लागले होते. मी ते पाहिलं आणि लगेच पिशवीची पट्टी घट्ट करू लागलो.

"नको," मी म्हटलं, "परवाना एकट्याचा आहे. तू आलास तर यास्ना दोघांचे वैद्यकीय दाखले मागेल."

सुरीवरची पहिली वीस पावलं मी उभ्यानं गेलो आणि पुढची शंभर बसून, घोड्यावर बसतात तसा, हातांनी पुढचा दगड ओढत. विजारीचं बूड तिथेच कुठेतरी राहिलं. वारा डावीकडून आला की मी उजवीकडे कलायचो आणि थांबला की डावीकडे. मी एकाच वेळी भीत होतो आणि गात होतो. मधेच एक गिधाड माझ्या पायांखालून तरंगत गेलं आणि मला त्याची पाठ दिसली, पिसं न पिसं. सत्तावन्न वर्षांत मी गिधाडाची पाठ पाहिली नव्हती. ती पाहिल्यावर मला बसून जाणं बरं वाटेना. मी हळूहळू उभा राहिलो, हात पसरले, आणि उरलेली सगळी पावलं चालत गेलो, मोजत, मोठ्यानं. एकशे ऐंशी झाली. पलीकडच्या कातळाला मी मिठी मारली आणि त्यालाही काहीतरी बोललो, ते इथे लिहीत नाही. मागे वळून पाहिलं तर खिंडीत एलिसेओ उभाच होता, दुर्बीण डोळ्यांना आणि टोपी हातात.

पुढचे चार दात मी कसे गेलो ते विचारू नका. धावलो, घसरलो, एकदा वाट चुकून वाळवंटाकडे उतरलो आणि परत चढलो, पाव चालताना खाल्ला. सूर्य समुद्रापासून दोन बोटं वर असताना मी पाण्याच्या टाकीच्या तापलेल्या पत्र्याला हात लावला. मी आलो, असं ओरडलो. एक कुत्रा भुंकला. टाकीचा रखवालदार, ज्यानं पोचल्याची सही करायची, तो पाचला घरी गेला होता. नियमात सूर्यास्त लिहिलंय, पण त्याच्या हजेरीच्या कागदावर पाच. कुंपणाच्या फाटकाला कुलूप होतं आणि आमची सगळी गल्ली त्या कुलपाच्या पलीकडे, खाली रस्त्यावर, माझी वाट पाहत उभी होती. कुंपणातली फट सापडून त्यांच्यापर्यंत पोचायला अर्धा तास लागला, तेवढ्यात सूर्य गेला. नोएमीनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, विजार मागून पाहिली, आणि अंडी खाल्लीस का विचारलं. मी तिला म्हटलं, नोएमी, मी एकटा असलो की गातो. ती म्हणाली, माहीत आहे, न्हाणीघराच्या दाराशी मी ऐकते ना.

सोमवारी मी पुन्हा तीन नंबरच्या खिडकीपुढे उभा राहिलो. यास्नाला माझ्यासाठी मनापासून वाईट वाटत होतं, पण निघाल्याची सही होती आणि पोचल्याची नव्हती. निदान सुरी पार करताना कुणी पाहिलं असेल तर त्याच्या जबानीवर नाव कोरता येतं, असं तिनं पोटनियमात शोधून काढलं. कुणी पाहिलं का, तिनं विचारलं. एक नाव माझ्या जिभेवर आलं होतं. पण ते घेतलं की पुढचा प्रश्न ठरलेला होता, की तो तिथे खिंडीत काय करत होता आणि पुढे का आला नाही. शनिवारी पाहिलेले ते पाय माझ्या डोळ्यांपुढे आले. मी म्हटलं, नाही, कुणी नाही.

"मी पाहिलं," मागून आवाज आला. एलिसेओ दारात उभा होता, इस्त्रीचा सदरा घालून, गुडघ्याला पट्टी बांधून. "पहिल्या पावलापासून शेवटच्या पावलापर्यंत. शेवटी शेवटी उभा राहून गेला, वेडा."

यास्ना खूश होऊन लिहू लागली. जागा कुठली, तिनं विचारलं, कुठून पाहिलंत?

"खिंडीतून," एलिसेओ म्हणाला. "त्या वर्षी मी जिथून मागे फिरलो होतो, तिथून. मी पुढे गेलोच नव्हतो, पोरी. त्याचं नाव लिही आणि माझं काढून टाक."

कुत्र्यांच्या परवान्यांच्या खिडकीवरचा शिक्का मधेच थांबला. फळ्याकडे कुणी बघेना, सगळे जमिनीकडे बघत होते. एलिसेओ मात्र ताठ उभा होता. मला त्याच्या शेजारी जाऊन उभं राहावंसं वाटलं आणि मी जाऊन उभा राहिलो.

माझं नाव तिनं लिहून घेतलं. पण फळ्यावरचं नाव काढायला वेगळा अर्ज लागतो आणि त्याला अर्जदाराचा शब्द पुरत नाही, साक्षीदार लागतो. हे तुम्ही याआधी कधी कुणासमोर बोलला होतात का, तिनं एलिसेओला विचारलं. एलिसेओनं हळूच माझ्याकडे पाहिलं. शनिवारपासून तो प्रश्न त्याच्या मनात होता हे मला त्या नजरेवरून कळलं. यास्नाही माझ्याकडे बघू लागली. एकतीस वर्षं जे नाव माझ्या डोळ्यांपुढे टांगलेलं होतं, ते एका शब्दानं खाली येणार होतं.

"मला विचारू नकोस, यास्ना," मी म्हटलं. "तो बोलत होता तेव्हा मी मेलेला होतो."

एलिसेओनं टोपी तोंडासमोर धरली आणि बराच वेळ खाली घेतली नाही. यास्नानं रकान्यात लिहिलं, साक्षीदार उपलब्ध नाही, आणि शिक्का मारला.